गाडीला ओरखडा पडलाय? विमा कंपनीला फोन करण्याआधी एवढं वाचा (इंदूरच्या नव्या गाडीवाल्यांसाठी)

राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांत गाडी घातली की कधी ना कधी तिला ओरखडा पडतोच. ई-रिक्षा घासून जाते, सराफ्याच्या बाहेर कुणीतरी स्कूटर काढताना हँडल दारावर आपटतं, सोसायटीचं फाटक वाऱ्याने बंपरवर येतं. विमा आहेच, मग वापरायला काय हरकत आहे, असं वाटून आपण लगेच कंपनीचा टोल-फ्री नंबर फिरवतो. पुढच्या वर्षी रिन्यूअलचा आकडा समोर आला की दुरुस्तीत वाचलेले पैसे प्रीमियममधून परत गेल्याचं कळतं. बऱ्याचदा वाचले त्याहून जास्त गेलेले असतात.

लहानशा घटनेची नोंद केल्यावर प्रीमियम का वाढतो, किती वाढतो, आणि नोंद होऊन गेली असेल तर काय करता येतं, ते मी स्वतः निस्तरलं आहे. पहिल्यांदाच गाडी घेतलेल्यांसाठी ते क्रमाने लिहितो आहे. घटना कळवणं, क्लेम नोंदला जाणं आणि क्लेमचे पैसे घेणं या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, एवढं सुरुवातीलाच लक्षात घ्या. फोनवरचा माणूस त्या एकच असल्यासारखं बोलतो आणि बहुतेक घोळ तिथेच सुरू होतो.

१. प्रकार खरंच किरकोळ आहे का, ते आधी ठरवा

कुणालाही लागलं असेल, मग ते साधं खरचटणं का असेना, पुढचे हिशोब बाजूला ठेवा. जखमीला उपचार मिळवून देणं, पोलिसांना कळवणं आणि विमा कंपनीला अपघाताची माहिती देणं ही मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार चालकाची जबाबदारी आहे. दुसऱ्याच्या गाडीचं किंवा भिंतीचं नुकसान झालं असेल तरीही कंपनीला कळवाच. समोरचा माणूस आज ‘जाऊ द्या हो’ म्हणतो आणि महिन्याभराने त्याची नोटीस येते. तेव्हा कंपनीचा पहिला प्रश्न हाच असतो की आम्हाला का कळवलं नाही.

हा लेख फक्त आपल्याच गाडीला लागलेल्या माराबद्दल आहे: बंपर, दार, आरसा, फेंडर, डेंट, रंग.

फोटो मात्र प्रत्येक वेळी काढा. नंबर प्लेटसकट एक लांबून, मार लागलेल्या जागेचे जवळून दोन-तीन आणि आजूबाजूच्या जागेचा एक. क्लेम घ्या किंवा न घ्या, हे फोटो कामाला येतात.

२. पॉलिसी उघडा आणि हे आकडे शोधा

पॉलिसीचा पीडीएफ फोनमध्ये असतो, पण तो उघडून वाचलेला माणूस क्वचित भेटतो. प्रीमियमच्या तक्त्यात दोन मुख्य भाग दिसतात.

पहिला भाग ओन डॅमेज, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानाचा विमा. दुसरा थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला होणाऱ्या इजेचा आणि नुकसानाचा. थर्ड पार्टीचे दर सरकार ठरवतं, त्यामुळे ते सगळ्या कंपन्यांत सारखेच असतात. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत खासगी कारसाठी १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ आणि त्यापुढे ७,८९७ रुपये होते. तुमच्या कोटमध्ये, म्हणजे कंपनीने पाठवलेल्या प्रीमियमच्या हिशोबात, जो आकडा छापला असेल तोच धरा. तुमच्या ओरखड्यामुळे हा भाग वाढत नाही.

वाढतो तो ओन डॅमेजचा भाग, कारण नो क्लेम बोनसची सूट, म्हणजे एनसीबी, फक्त त्याच भागावर मिळते. तक्त्यात तीन गोष्टी बघा:

- ओन डॅमेजचा मूळ प्रीमियम, एनसीबी वजा करण्याआधीचा. पुढच्या हिशोबाचा पाया हाच आकडा आहे.
- सध्या किती टक्के एनसीबी मिळतो आहे.
- झिरो डेप (क्लेममधून घसारा, म्हणजे भाग जुना झाल्याबद्दलची रक्कम, न कापणारं) किंवा एनसीबी प्रोटेक्ट (क्लेम घेऊनही बोनस राखणारं) ही जादा कव्हर घेतली आहेत का.

गाडी नवी असेल तर आणखी एक बारकावा. सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारचा थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, ओन डॅमेज मात्र वर्षाचाच घेता येतो. म्हणून अशा गाड्यांचं दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचं रिन्यूअल केवळ ओन डॅमेजचं असतं. त्या बिलात थर्ड पार्टीचा स्थिर आकडा नसल्यामुळे एनसीबी गेल्याचा फटका डोळ्यांत भरतो. 

३. एक वर्षाचा नको, पाच वर्षांचा हिशोब करा

हे कलम नीट वाचा, कारण एजंट हा हिशोब क्वचितच मांडून दाखवतात आणि वर्कशॉपवाले तर मुळीच नाही.

एनसीबीच्या पायऱ्या अशा: एक वर्ष क्लेमशिवाय गेलं की २० टक्के, दोन वर्षांनी २५, तीन वर्षांनी ३५, चार वर्षांनी ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के. त्यापुढे ५० वरच थांबतो. एक क्लेम घेतला की पुढच्या रिन्यूअलला थेट शून्य. क्लेम चार हजारांचा असो की चार लाखांचा, शून्य ते शून्यच. चूक कुणाची होती याच्याशीही त्याचा संबंध नाही. तुमची गाडी बंद उभी होती आणि दुसऱ्याने येऊन ठोकली, तरी दुरुस्ती तुमच्या पॉलिसीतून केली तर बोनस तुमचाच जातो.

बहुतेक लोक फक्त पुढच्या वर्षाचा फरक बघतात. शून्यावरून पुन्हा ५० टक्क्यांवर पोचायला पाच क्लेममुक्त वर्षं लागतात, आणि तोवर दरवर्षी आपण थोडं थोडं जास्त भरत राहतो.

पुढच्या रिन्यूअलला ५० टक्के मिळणार होते असं समजू. क्लेम घेतला तर पहिल्या वर्षी ५० टक्के गेले, दुसऱ्या वर्षी ३० (५०ऐवजी २० मिळाले), तिसऱ्या वर्षी २५, चौथ्या वर्षी १५ आणि पाचव्या वर्षी ५. बेरीज १२५ टक्के. म्हणजे ओन डॅमेजच्या एका वर्षाच्या मूळ प्रीमियमच्या सव्वापट.

तुमची पायरी कोणती, त्यावर ही बेरीज बदलते:

- पुढच्या रिन्यूअलला २० टक्के मिळणार असतील तर एकूण नुकसान मूळ प्रीमियमच्या सुमारे ५० टक्के
- २५ मिळणार असतील तर ८० टक्के
- ३५ मिळणार असतील तर १०५ टक्के
- ४५ मिळणार असतील तर १२० टक्के
- ५० मिळणार असतील तर १२५ टक्के

यावर १८ टक्के जीएसटी धरा.

आता रुपयांत. १२०० सीसीची गाडी आहे आणि ओन डॅमेजचा मूळ प्रीमियम ९,००० रुपये आहे असं समजा. ५० टक्के एनसीबी धरून तो ४,५००, थर्ड पार्टी ३,४१६, आणि जीएसटीसकट साधारण ९,३४१ रुपये. क्लेम घेतल्यावर हेच बिल १४,६५१ होतं. फरक ५,३१० रुपयांचा, आणि हा फक्त पहिल्या वर्षाचा. पाच वर्षांचा कागदावरचा आकडा १३,२७५ येतो. गाडी जुनी होईल तशी तिची विम्यातली किंमत, म्हणजे आयडीव्ही, उतरते आणि मूळ प्रीमियमही थोडा कमी होतो, म्हणून प्रत्यक्षात बारा हजारांच्या आसपास धरायला हरकत नाही.

शिवाय ओन डॅमेजचे दर कंपन्या आपापले ठरवतात. काही कंपन्या क्लेमचा इतिहास बघून मूळ दरच वाढवतात. तो भाग आधी सांगता येत नाही, पण असतो.

आता दुसरी बाजू: क्लेममधून हातात किती येणार? वर्कशॉपने ९,००० चं एस्टिमेट दिलं आहे. त्यात प्लास्टिकचा बंपर ४,०००, रंगकाम ४,००० आणि मजुरी १,०००. झिरो डेप नसेल तर प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, म्हणजे २,००० गेले. रंगकामाचं एकत्रित बिल असेल तर त्यातला चौथा हिस्सा रंगाच्या मालाचा धरून त्याच्या निम्मे कापतात, म्हणजे आणखी ५००. शेवटी सक्तीची कपात, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपण स्वतः सोसायचा वाटा: १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये, त्यापुढच्या गाडीला २,०००. हाती आले ५,५००. झिरो डेप असतं तर ८,००० आले असते.

साडेपाच किंवा आठ हजार मिळवण्यासाठी बारा हजार घालवायचे, असा हा व्यवहार आहे. अशा वेळी माझं मत स्पष्ट आहे: खिशातून दुरुस्ती करा आणि बोनस राखा. उलट गाडी पहिल्याच वर्षात असेल आणि खर्च वीस-पंचवीस हजारांचा असेल तर बिनदिक्कत क्लेम घ्या, विमा त्यासाठीच असतो. ‘लहान क्लेम कधीच घेऊ नये’ असं सरसकट सांगणाऱ्यांचं मला पटत नाही. उत्तर प्रत्येकाच्या पायरीवर ठरतं.

एनसीबी प्रोटेक्ट घेतलेलं असेल तर चित्र बदलतं. साधारणपणे वर्षात एखादा क्लेम घेऊनही बोनस टिकतो. किती क्लेम आणि कोणत्या प्रकारचे, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, तेव्हा पॉलिसीतलं कलमच वाचा.

४. दोन ठिकाणी एस्टिमेट घ्या, आणि लगेच घ्या

एक कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपचं, एक बाहेरच्या चांगल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याचं. देवास नाक्याकडच्या शोरूमचा आकडा आणि आपल्या ओळखीच्या गॅरेजचा आकडा यांत बराच फरक निघतो. ओरखडा वरवरचा असेल तर रबिंग-पॉलिशनेच काम भागतं. अख्खा बंपर बदलायची गरज नसते.

वर्कशॉपमध्ये गेल्या गेल्या ‘सर, इन्शुरन्समध्ये टाकून देऊ, तुम्हाला फक्त फाइल चार्ज लागेल’ असं ऐकायला मिळेल. त्याला पाच मिनिटं थांबवा आणि तिसऱ्या कलमाचा हिशोब फोनवर मांडा. तुमचा बोनस गेला तर त्याचं काही जात नाही.

‘जुने ओरखडेही याच क्लेममध्ये घालू’ ही सूचना तर ऐकूच नका. सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासायला कंपनीने नेमलेला माणूस, प्रत्येक माराची दिशा आणि जागा बघतो. वेगळ्या घटनेचा मार म्हणजे वेगळा क्लेम आणि वेगळी कपात. शिवाय खोटी हकिगत लिहून दिली तर खरा क्लेमही फेटाळला जाऊ शकतो.

हे सगळं त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी उरका. क्लेम घ्यायचा ठरला तर कळवायला झालेला उशीर अंगाशी येतो.

५. फोन करणार असाल तर शब्द जपून वापरा

टोल-फ्रीवर पॉलिसी नंबर, तारीख, वेळ, जागा आणि चालकाचं नाव सांगून झालं की समोरचा माणूस बहुतेक वेळा क्लेम नोंदवूनच टाकतो. थोड्या वेळाने एसएमएस येतो: ‘आपला क्लेम क्रमांक अमुक.’ तुम्हाला फक्त चौकशी करायची होती, हे त्या नोंदीत कुठेच दिसत नाही.

म्हणून सुरुवातीलाच सांगा: ‘क्लेम नोंदवू नका, मला फक्त माहिती हवी आहे.’ तपशील देण्याआधी प्रश्न विचारून घ्या. त्याहून बरं म्हणजे ईमेलवर विचारा, म्हणजे उत्तरही लेखी मिळतं. बॅटरी बसली, टायर पंक्चर झाला अशा वेळी रोडसाइड असिस्टन्स बोलावलं तर तो ओन डॅमेजचा क्लेम नसतो. पण फोनवर तेही स्पष्ट करून घ्या.

६. क्लेम नोंदला गेला, पण घ्यायचा नाही

माझं प्रकरण नेमकं असंच होतं. मागच्या बंपरला खरचटलं होतं. मी चौकशीला फोन केला आणि क्लेम नंबर आला. एस्टिमेट बघून मी काम बाहेरून स्वतःच्या पैशाने करून घेतलं. कंपनीचा एक रुपयाही घेतला नाही. रिन्यूअलच्या कोटमध्ये तरीही एनसीबी शून्य. कारण त्यांच्या नोंदीत तो क्लेम उघडाच पडून होता. वर्षभरात क्लेम केलेला नसावा आणि कुठला प्रलंबितही नसावा, ही बोनसची अट आहे. उघडा पडलेला क्लेम म्हणजे प्रलंबित क्लेम.

यातून बाहेर पडायचा मार्ग असा:

- क्लेम क्रमांक, पॉलिसी क्रमांक आणि गाडीचा नंबर घालून कंपनीच्या अधिकृत ईमेलवर क्लेम मागे घेत असल्याचं कळवा. मजकूर एवढाच पुरे: ‘अमुक तारखेच्या घटनेबाबत नोंदवलेला क्लेम मी स्वेच्छेने मागे घेत आहे. दुरुस्ती स्वखर्चाने केली आहे. कंपनीकडून कोणतीही रक्कम घेतलेली नाही. कृपया क्लेम शून्य रकमेवर बंद करून लेखी कळवावं.’
- सर्व्हेअर नेमला गेला असेल तर त्यालाही त्याची प्रत पाठवा.
- ‘क्लेम बंद, दिलेली रक्कम शून्य’ असं उत्तर येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. ‘सिस्टिममध्ये करून टाकलं आहे’ या तोंडी उत्तरावर थांबू नका.
- बाहेरच्या दुरुस्तीचं बिल जपून ठेवा.

हे काम रिन्यूअलच्या किमान महिनाभर आधी पूर्ण करा. शेवटच्या आठवड्यात धावपळ झाली की आपण कंटाळून शून्य एनसीबीवरच पैसे भरून मोकळे होतो. भरले असतील तरी लेखी उत्तराच्या आधारावर फरक परत मागा. एन्डॉर्समेंट, म्हणजे चालू पॉलिसीतल्या बदलाची लेखी नोंद, करून पॉलिसी दुरुस्त होऊ शकते.

७. क्लेम घ्यायचाच असेल तर

सर्व्हेअर बघून जाईपर्यंत दुरुस्ती सुरू करू नका. कागदपत्रं ही:

- आरसी
- अपघाताच्या वेळी गाडी चालवणाऱ्याचा वैध परवाना (मालकाचा नव्हे)
- पॉलिसी आणि भरून सही केलेला क्लेम फॉर्म
- वर्कशॉपचं एस्टिमेट, नंतर अंतिम बिल आणि पैसे भरल्याची पावती
- पॅन, आधार आणि कॅशलेस (कंपनी वर्कशॉपला थेट पैसे देते ती सोय) नसेल तर बँकेचा रद्द केलेला चेक
- पोलिसांत तक्रार झाली असेल तर तिची प्रत

मुलगा गाडी चालवत होता आणि फॉर्मवर नाव बाबांचं, असं घराघरांत होतं. करू नका.

८. रिन्यूअलचा कोट आला की

कंपनीने पाठवलेला पहिला आकडा म्हणजे शेवटचा आकडा नव्हे. आयडीव्ही आणि जादा कव्हर सारखी ठेवून तीन-चार कंपन्यांचे कोट घ्या. आयडीव्ही खाली ओढून स्वस्त दाखवलेला कोट बाजूला ठेवा. गाडी चोरीला गेली तर तेवढेच पैसे मिळतात.

कंपनी बदलली तरी जुना क्लेम लपत नाही. नवी कंपनी एनसीबीची खातरजमा जुन्या कंपनीकडे करते. ऑनलाइन फॉर्मवर ‘मागच्या वर्षी क्लेम घेतला का?’ या प्रश्नाला खोटं ‘नाही’ लिहिलं तर प्रीमियम आज कमी दिसेल, पण पुढचा मोठा क्लेम अडकेल.

एक सापळा फारसा कुणाला ठाऊक नसतो. पॉलिसी संपायला पंधरा-वीस दिवस असताना तुम्ही एनसीबी लावून रिन्यूअल करून ठेवलं आणि त्या उरलेल्या दिवसांत अपघात होऊन जुन्या पॉलिसीवर क्लेम घेतला, तर नव्या पॉलिसीतला बोनस चुकीचा ठरतो. कंपनीला स्वतःहून कळवून फरक भरा.

तारीख उलटू देऊ नका. पॉलिसी संपून ९० दिवस झाले की साठवलेला सगळा बोनस जातो. मधल्या काळात गाडी रस्त्यावर आणली आणि पकडली गेली तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी कायद्यात तरतूद आहे.

एनसीबी गेलाच असेल तर प्रीमियम थोडा खाली आणायचे मार्ग आहेत. स्वेच्छेने जास्त कपात स्वीकारली तर सूट मिळते. गाडी महिन्यातून चार वेळा छप्पन दुकानपर्यंतच जात असेल तर किलोमीटरवर आधारित कव्हर विचारा, २०२२ पासून कंपन्यांना ते विकायला परवानगी आहे. आणि या वर्षी एनसीबी प्रोटेक्ट घेऊ नका, शून्य बोनस राखायला पैसे कशाला? दोन-तीन वर्षांनी बोनस साठला की त्याचा विचार करा.

पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी इंदूरला आलेल्यांनी आणखी एक बघावं. जुन्या टॅरिफमध्ये पुणे, मुंबईसह आठ शहरं महागड्या अ झोनमध्ये होती आणि बाकी देश, म्हणजे इंदूरही, ब झोनमध्ये. झोन ठरतो तो गाडीच्या नोंदणीवरून. गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवणार असाल तर तशीही नोंदणी बदलावी लागते. एमपी ०९ चा नंबर मिळाला की पॉलिसीवर एन्डॉर्समेंट करून घ्या आणि पुढचा कोट नव्या नोंदणीवर मागा.

९. कंपनी ऐकत नसेल तर

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. त्याचा पत्ता पॉलिसीतच छापलेला असतो. तिथे दाद लागली नाही तर विमा नियामक प्राधिकरणाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार नोंदवा किंवा १५५२५५ वर फोन करा. हिंदीत बोललं तरी चालतं.

महिनाभरात उत्तर आलं नाही, किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येतं. मध्य प्रदेशासाठी त्यांचं कार्यालय भोपाळला आहे. फी लागत नाही, वकील देता येत नाही आणि तक्रार ऑनलाइनही करता येते. कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत जायला हवं. सोबत क्लेम मागे घेतल्याचा ईमेल, कंपनीची उत्तरं, दुरुस्तीचं बिल, दोन्ही वर्षांच्या पॉलिसी आणि चुकीचा एनसीबी दाखवणारा कोट तारखेच्या क्रमाने लावून द्या. वर एका पानात घटनाक्रम लिहा आणि शेवटी नेमकं काय हवंय ते रुपयांत मांडा: अमुक टक्के एनसीबी पुन्हा लावावा आणि जास्त घेतलेले अमुक रुपये परत करावेत.

माझं काम तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या पायरीवरच झालं. ईमेलला क्लेम बंद झाल्याचं लेखी उत्तर जोडलेलं होतं, त्यांना वाद घालायला जागाच उरली नव्हती.